बेटे घडतात, बेटे बुडतात : गंगेच्या मुखापासून न्यू टाउनपर्यंत

(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट’ ही व्याख्या प्राथमिक शाळेपासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तिला कोठेही बाध येत नाही. मालवणचे कुरटे बेट घ्यावे. इ. स. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी त्यावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तेव्हापासून साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लाटा झेलीत ते जागच्या जागी उभे आहे. मुरूडचा जंजिरा, थळसमोरील खांदेरी, मुंबई बंदरातील घारापुरी ही सारी बेटे खडकाची आहेत. घारापुरीची लेणी ज्या खडकात कोरली, तो तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अशा बेटांच्या सहवासात वाढलेल्या मनाला बेट म्हणजे साक्षात स्थैर्य वाटले, तर त्यात नवल नाही.

याच देशाच्या पूर्व टोकाला मात्र ही व्याख्या अपुरी पडते. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरात एक भीषण चक्रीवादळ उठले. भोला या नावाने ते इतिहासात नोंदले गेले. त्यानंतरच्या काळात हरियाभांगा नदीच्या मुखाशी, भारत आणि आजचा बांगलादेश यांच्या सीमेवर, गाळाचे एक नवे बेट पाण्याबाहेर आलेले दिसू लागले. नकाशांनी त्याला न्यू मूर म्हटले, भारतात ते पूर्बाशा झाले आणि बांगलादेशात दक्षिण तालपट्टी. समुद्रसपाटीपासून दोन मीटरांहून उंच ते कधीच झाले नाही. त्यावर कायमची मनुष्यवस्ती नव्हती, पीक नव्हते, गोडे पाणी नव्हते. तरी त्याच्या मालकीवरून दोन शेजारी देशांत वाद पेटला आणि १९८१ मध्ये भारतीय नौदलाची जहाजे तेथे गेली. मार्च २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठातील सागरविज्ञानाचे अभ्यासक सुगत हाजरा यांनी उपग्रहीय छायाचित्रांच्या आधारे सांगितले की, ते बेट आता पाण्याखाली गेले आहे. ७ जुलै २०१४ रोजी हेग येथील लवादाने दोन्ही देशांची सागरी सीमा निश्चित केली, तेव्हा सीमा उरली होती, बेट उरले नव्हते.

जन्मापासून अंतापर्यंत अवघी चाळीस वर्षे. एका शाळेच्या हीरक महोत्सवाच्या साठ वर्षांत त्या बेटाचे सारे आयुष्य सामावून जाते आणि वर वीस वर्षे उरतात. शाळेच्या पहिल्या तुकडीच्या काळात ते जगात नव्हते, मधल्या तुकड्यांच्या काळात ते वृत्तपत्रांचा विषय होते, आणि आजच्या तुकडीच्या काळात ते पुन्हा नाही. म्हणूनच बंगालच्या बेटांची व्याख्या करताना पाण्याबरोबर काळाचाही विचार करावा लागतो. गंगेच्या मुखाशी भूमी एकदा घडून संपत नाही, ती सतत घडत आणि मोडत असते. ही गोष्ट विसरून जे जे उभारले गेले, मग तो शेताचा बांध असो, बंदर असो की आधुनिक नगर असो, त्याला पाण्याकडे हिशेब द्यावाच लागला. या भाषणाचा विषय तो हिशेब हाच आहे.

प्रथम त्या प्रदेशाची प्राकृतिक घडण पाहू या. हिमालय आणि समुद्र या दोहोंना स्पर्श करणारे पश्चिम बंगाल हे भारतातील एकमेव राज्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८,७५२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. उत्तरेला सिंगालीला रांगेत संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे शिखर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरांचे, त्याच्या दुपटीहून हे उंच. हिमालयाच्या पायथ्याशी तराईचा दमट पट्टा, पश्चिमेला पुरुलिया आणि बांकुडा या भागांत छोटा नागपूर पठाराची तांबड्या मातीची किनार, आणि उरलेला विस्तीर्ण सपाट प्रदेश नदीच्या गाळाचा. या सपाट प्रदेशात दगड दुर्मीळ आहे. महाराष्ट्रातील लेणी खडकात कोरली गेली, तर बिष्णुपूरची प्रसिद्ध मंदिरे भाजलेल्या मातीच्या फलकांनी सजली. भूगोल कलेचे साहित्यही ठरवितो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी मिळून रचलेला त्रिभुजप्रदेश हा जगातील सर्वांत मोठा. त्याचा विस्तार सुमारे एक लाख चौरस किलोमीटर असून त्याचा मोठा भाग बांगलादेशात येतो. या नद्या दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ वाहून आणतात. हिमालय झिजतो आणि बंगाल घडतो. जो गाळ किनाऱ्यावर मावत नाही तो समुद्राच्या तळावर पसरत जातो, आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्याचा सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा पंखा तयार झालेला आहे. पाण्यावर दिसणारा बंगाल हा त्या मानाने लहानसा भाग म्हणावा लागेल.

गाळाने भूमी घडविणारी नदी त्याच गाळाने स्वतःची वाटही बुजवीत असते, आणि मग ती बाजूला सरकते. मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडे जाते ती भागीरथी, पुढे तिलाच हुगळी म्हणतात. पूर्वेकडे जाते ती पद्मा. एके काळी भागीरथीचा फाटा मोठा होता. सोळाव्या शतकाच्या सुमारास मुख्य प्रवाह पद्मेकडे वळला. हुगळीची शाखा सरस्वती गाळाने भरली आणि तिच्या काठचे सप्तग्राम हे समृद्ध बंदर ओस पडले. व्यापार सरकत सरकत हुगळीच्या काठी आला, आणि त्या सरकण्यातूनच पुढे कोलकाता उदयाला आले. जेम्स रेनेल या इंग्रज मोजणीदाराने १७६४ पासून बंगालच्या नद्यांची मोजणी केली. त्याची नकाशावही प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांतच, १७८७ च्या महापुरात, तिस्ता नदीने गंगेकडे जाणारी आपली जुनी वाट सोडली आणि ती ब्रह्मपुत्रेला जाऊन मिळाली. मोजणी नीट झाली होती, पण मोजलेली नदीच तेथून निघून गेली.

विसाव्या शतकात माणसाने या सरकण्याला आवर घालण्याचा मोठा प्रयत्न केला. भागीरथीत पुरेसे पाणी येईना, कोलकाता बंदर गाळाने भरू लागले, म्हणून गंगेवर फरक्का येथे सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधण्यात आला आणि १९७५ मध्ये तो कार्यान्वित झाला. सुमारे अडतीस किलोमीटर लांबीच्या कालव्यातून सेकंदाला चाळीस हजार घनफूट पाणी भागीरथीत सोडावे, त्या पाण्याच्या जोराने गाळ वाहून जावा, ही कल्पना होती. हुगळीला त्यामुळे गोडे पाणी मिळाले, परंतु गाळ उपसण्याचे काम थांबले नाही, आणि पाण्याच्या वाटपासाठी बांगलादेशाशी १९९६ मध्ये करार करावा लागला. एका बंदराच्या गाळाचा प्रश्न अखेरीस दोन देशांचा प्रश्न झाला.

आता नदीच्या मुखाशी बेट कसे जन्माला येते ते पाहू. नदीच्या गोड्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्याला मिळताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या स्तब्ध क्षणांत हे काम अधिक होते. थरावर थर साचून ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर डोकावणारा एक पट्टा तयार होतो. बंगालीत त्याला ‘चर’ म्हणतात. मराठीत चर म्हणजे खणलेला खळगा, बंगालीत चर म्हणजे पाण्यातून वर आलेली जमीन. शब्द एकच, अर्थ नेमका उलटा. एक भाषा खडकाच्या देशात वाढली, दुसरी पाण्याच्या. हल्दियासमोर हुगळीच्या पात्रात असेच एक बेट वर आले, त्याचे नावच नयाचर.

चरावर आधी गवत येते, मग खारफुटी. कोकणातील खाडीकाठचा तिवर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिचे रूप सांगायला नको. चिखलात हवा नसते, म्हणून या झाडांची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. या खुंट्यांच्या जाळ्यात भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो आणि पाण्यातला गाळ तेथेच बसतो. भूमी झाडाला आधार देते आणि झाड भूमी वाढविते. सुंदरी नावाच्या वृक्षावरून ज्याला नाव मिळाले असे अनेक जण मानतात, ते सुंदरबन या परस्परसाहाय्यातून उभे राहिले. भारत आणि बांगलादेश मिळून हे अरण्य सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर आहे. १९७३ मध्ये त्याच्या भारतीय भागात व्याघ्रप्रकल्प झाला आणि १९८७ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

वाघामुळे सुंदरबन जगाला ठाऊक झाले, पण तेथील माणसे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. भारतीय सुंदरबनात १०२ बेटे मोजली जातात. त्यांपैकी ४८ बेटांवर अरण्य आहे आणि ५४ बेटांवर वस्ती. या सबंध प्रदेशात चाळीस लाखांहून अधिक लोक राहतात. ब्रिटिश अमदानीत, १८२९-३० मध्ये, अरण्याची सीमा नकाशावर आखली गेली. ती आजही डॅम्पियर-हॉजेस रेषा म्हणून ओळखली जाते. महसूल वाढावा म्हणून अरण्य तोडून शेती करण्यास उत्तेजन मिळाले. आणि येथेच एक चूक घडली, तिचे परिणाम आजची पिढी भोगते आहे.

ती चूक समजून घेणे हा या प्रदेशाच्या भूगोलाचा गाभा आहे. गाळाचे बेट रोजच्या भरतीने थोडे थोडे उंच होत जाते. जेव्हा ते मोठ्या भरतीच्याही वर येते, तेव्हाच ते वस्तीयोग्य होते. परंतु जमिनीची घाई झालेल्या माणसाने बेटे पुरती उंच होण्याआधीच त्यांच्याभोवती मातीचे बांध घातले. खारे पाणी बाहेर अडले, भाताची शेती झाली, गावे वसली. पण पाण्याबरोबर गाळही बाहेरच अडला. बांधाच्या आतली जमीन वाढायची थांबली आणि दबत राहिली. बाहेर अडलेला गाळ खाडीच्या तळाशी बसून तिचे पात्र वर येऊ लागले. आज अनेक बेटांवर भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी शेताच्या पातळीहून उंच असते, आणि शेतकरी व समुद्र यांच्यामध्ये मातीची एक भिंत तेवढी उभी असते. अशा बांधांची एकूण लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर सांगितली जाते. त्यातच सुंदरबनाच्या मधल्या भागातील मातला, विद्याधरी अशा नद्यांचा वरच्या गोड्या प्रवाहांशी संबंध तुटला असून त्या आता केवळ भरती-ओहोटीवर जगतात. नवा गाळ कमी, जमीन दबणारी, आणि समुद्राची पातळी चढती, अशी तिहेरी कोंडी आहे.

२५ मे २००९ रोजी ऐला चक्रीवादळ आले आणि ही भिंत शेकडो ठिकाणी फुटली. वादळ एका दिवसात गेले, पण शेतात शिरलेले मीठ गेले नाही. पुढची काही वर्षे कित्येक शेतांत भात धड पिकला नाही. तळ्यांतील गोड्या पाण्यातले मासे मेले. घराघरांतील कर्ती माणसे कोलकात्यात, केरळात, तमिळनाडूत बांधकामांवर मजुरीला गेली. २० मे २०२० रोजी अंफान आले आणि त्याच कथेची पुनरावृत्ती झाली. सागर बेटाच्या उत्तरेस हुगळीच्या मुखात घोडामारा नावाचे बेट आहे. गेल्या पन्नास वर्षांत त्याचा निम्म्याच्या आसपास भाग वाहून गेला. त्याच्या शेजारचे लोहाचरा हे वस्तीचे बेट तर पूर्णपणे पाण्याखाली गेले. तेथील कुटुंबे सागर बेटावर वसविण्यात आली. मकरसंक्रांतीला लक्षावधी यात्रेकरू ज्या गंगासागरला स्नानासाठी जातात, तेच हे सागर बेट, आणि त्याचाही किनारा झिजतो आहे. कपिल मुनींचे जुने मंदिर समुद्राने घेतले, आजचे मंदिर मागाहून आत सरकून बांधलेले आहे. विस्थापितांना आश्रय देणारी भूमीही सुरक्षित नाही, हे या प्रश्नाचे खरे गांभीर्य.

निसर्गाने पूर्वसूचना दिली नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हुगळी गाळाने भरत असल्याने इंग्रजांनी मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचे ठरविले. हेन्री पिडिंग्टन नावाचे एक अभ्यासक तेव्हा कोलकात्यात होते. ‘सायक्लोन’ हा आज जगभर रूढ असलेला शब्द त्यांनीच १८४८ मध्ये घडविला. त्यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना लेखी इशारा दिला की, एक दिवस चक्रीवादळ येईल आणि लाटेखाली हे सारे वाहून जाईल. इशारा बाजूला ठेवून बंदर उभारले गेले. पुढच्या गव्हर्नर जनरलचे नाव त्याला मिळाले, कॅनिंग, आणि कोलकात्याहून तेथवर लोहमार्गही टाकला गेला. नोव्हेंबर १८६७ च्या वादळात ते बंदर उद्ध्वस्त झाले आणि पाचएक वर्षांत सोडून द्यावे लागले. आज कॅनिंग हे सुंदरबनाला जाणाऱ्यांचे स्थानक आहे. रोज पहाटे तेथून सुटणाऱ्या गाड्या बेटांवरच्या बायाबापड्यांना घरकामासाठी आणि मजुरांना बांधकामासाठी कोलकात्यात नेतात.

त्या महानगराचाही भूगोल बेटांहून निराळा नाही. पूर आला की नदी जड गाळ काठावरच टाकते आणि काठ उंच होतो. त्याला पूरतट म्हणतात. पूरतटामागची जमीन सखल राहते आणि तेथे दलदल साचते. जुने कोलकाता हुगळीच्या पूरतटावर उत्तर-दक्षिण पसरले आणि त्याच्या पूर्वेस खाऱ्या दलदलीचा अफाट प्रदेश राहिला. नदी पश्चिमेला असूनही शहराचा उतार पूर्वेकडे आहे. या पूर्व सीमेशी मराठ्यांचेही नाव जोडलेले आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठी फौजही तेथवर आली नाही. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला, तरी ‘मराठा डिच’ हे नाव इतिहासात राहिले. त्या खंदकापलीकडे सुरू होत असे ती दलदल, भरतीचे पाणी आणि खाड्यांचे जाळे.

या दलदलीतून वाहणारी विद्याधरी नदी शहराचे सांडपाणी समुद्राकडे नेत असे. गाळाने ती आटत गेली आणि १९२८ मध्ये मृत जाहीर झाली. खारे पाणी यायचे थांबले आणि उथळ तळी रिकामी पडू लागली. तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी जे केले, ते जगाच्या पाठीवर अपूर्व ठरले. शहराचे सांडपाणी त्यांनी या उथळ तळ्यांत बेताबेताने घ्यायला सुरुवात केली. सूर्यप्रकाशात पाण्यातील शैवाल वाढते, जिवाणू घाण मोडतात, शैवालावर मासे पोसले जातात. काठाकाठाने जोपासलेली जलपर्णी लाटांपासून बांध राखते आणि पाण्यातील घातक धातू शोषून घेते. माशांच्या तळ्यांतून निवळलेले पाणी पुढे भातशेतीला मिळते. या तळ्यांना तेथे ‘भेरी’ म्हणतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही सारी व्यवस्था अभ्यासून जगापुढे मांडली. १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने या पाणथळीचे रक्षण करण्याचा निर्णय दिला आणि २००२ मध्ये सुमारे साडेबारा हजार हेक्टर क्षेत्र रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदले गेले. अनुभवाखेरीज दुसरे शिक्षण न लाभलेल्या लोकांनी एका महानगराला शुद्धीकरण, मासळी, भात आणि पूरनियंत्रण या चारही गोष्टी एकाच जागी दिल्या.

परंतु वाढत्या शहराला जागा हवी होती आणि जागा पूर्वेलाच होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी कोलकाता भरून गेले. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ पासून हुगळीच्या तळाचा गाळ उपसून, पाण्यात कालवून, नळांवाटे पूर्वेच्या खाऱ्या सरोवरात ओतण्यात आला. युगोस्लाव्हियातील एका कंपनीने हे काम केले. नदीला जे काम करायला शतके लागली असती, ते यंत्रांनी काही वर्षांत उरकले. त्या भूमीवर सॉल्ट लेक, म्हणजेच बिधाननगर, वसले. त्याच्याही पूर्वेला राजारहाटची भातशेते, फळबागा, तळी आणि माशांचे तलाव होते. १९९९ मध्ये त्यासाठी शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि तेथे न्यू टाउन उभे राहू लागले. रुंद रस्ते, माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या, विद्यापीठे, रुग्णालये, उंच इमारती असे ते नियोजित नगर आहे. २०१२ च्या डिसेंबरात तेथे ४८० एकरांचे इको पार्क खुले झाले. त्यात विस्तीर्ण जलाशय आहे आणि जलाशयाच्या मध्यभागी एक बेट आहे. सहलीला गेलेली मुले नावेतून त्या बेटाकडे जातात. ज्या प्रदेशात बेटे आपोआप घडत असत, तेथे आता बेट आराखड्यात आखून राखावे लागते.

न्यू टाउनला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. लाखो कुटुंबांना घर हवे असते, तरुणांना काम हवे असते, आणि नियोजनाविना पसरलेल्या वस्तीपेक्षा नियोजित नगर बरेच. जलाशय राखण्याचे भान तेथील नियोजनात आहे, हेही मान्य करावे लागेल. प्रश्न आहे तो पाण्याच्या वाटेचा. या नगराचे पावसाचे पाणी बागजोला खालासारख्या जुन्या कालव्यांतून पूर्वेला जाते आणि कुल्टी गांगमार्गे सुंदरबनाच्या खाड्यांकडे उतरते. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते तेथेच थांबते. पूर्वी ते थांबण्यासाठी शेते होती, तळी होती, भेरी होत्या. त्यांतील प्रत्येक बुजविलेले तळे म्हणजे पावसाने हक्काने मागावी अशी जागा कमी होणे. घोडामाऱ्याचा शेतकरी आणि न्यू टाउनच्या पंधराव्या मजल्यावरचा अभियंता यांच्यात वरवर काहीच साम्य नाही. पण दोघेही एकाच गाळावर उभे आहेत, एकाच भरतीच्या वेळापत्रकाने बांधलेले आहेत. शेतकऱ्याचे बेट बुडते, तेव्हा त्याचा मुलगा कामाच्या शोधात शहराकडेच येतो. बेटांचा प्रश्न शहराच्या दारात असा चालत येतो.

हे सारे दूरच्या बंगालचे, असे समजून मराठी माणसाला स्वस्थ बसता येणार नाही. मुंबई हीदेखील मुळात सात बेटे. त्यांच्यामधल्या खाड्या अठराव्या शतकापासून बुजविल्या गेल्या आणि बेटांचे महानगर झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, समुद्राला भरती होती, आणि मिठी नदी आपल्या जुन्या जागा शोधीत घराघरांत शिरली. मुंबईच्या पोटात खडक आहे म्हणून ती बेटे बुडाली नाहीत, पण बुजविलेल्या खाड्यांची आठवण पाण्याने ठेवलेली होती. गावोगावच्या ओढ्यांवर, नाल्यांवर आणि तळ्यांवर आज जी बांधकामे उभी राहत आहेत, त्यांना हाच नियम लागू आहे.

विद्यार्थी मित्रहो, भूगोल हा पाठ करण्याचा विषय आहे, असा एक समज आहे. राजधान्या, शिखरे आणि नद्यांची लांबी पाठ करून गुण मिळतात, हेही खरे. परंतु हा विषय खरोखर शिकविला जातो तो नकाशावर आज काय आहे एवढ्यासाठी नव्हे. तेथे काल काय होते, आणि उद्या काय असेल, हे विचारण्याची सवय लागावी म्हणून. हीरक महोत्सवाच्या या वर्षात प्रत्येक वर्गाने एक काम हाती घ्यावे. शाळेच्या परिसराचा एक नकाशा काढावा. त्यावर जुन्या विहिरी, ओढे, तळी कोठे होती, हे आजी-आजोबांना विचारून मांडावे. पावसाळ्यात शाळेच्या छपरावर पडलेले पाणी कोणत्या गटारातून, कोणत्या नाल्यातून, कोणत्या नदीला जाते, ते चालत जाऊन पाहावे. जेथे पाणी अडते, तेथे पूर्वी काय होते, याची नोंद करावी. तो नकाशा शाळेच्या संग्रहात तारीख घालून ठेवावा, म्हणजे पुढील महोत्सवाच्या वेळी येणाऱ्या तुकडीला तो नव्या नकाशाशेजारी मांडता येईल.

नदी, गाळ आणि भरती यांना कोणी शिकवीत नाही, तरी त्यांचे काम चुकत नाही. शिकायचे आहे ते माणसाला, आणि त्यासाठीच तर शाळा असतात. संस्थेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.